टोपलीतली किल्ली आणि 'द'चा कवी

प्रिय वदादताई,

तुझ्या दोन्ही गालांना मिळून तीन मुके आणि हाताला एक. गुडघे कसे आहेत? तुमच्या झाहले गावची थंडी ओसरली असेल, तर आता तरी सकाळी गच्चीवर फिरत जा. इथे मीना बंदरात समुद्र ठीक आहे, मासळी ठीक आहे, मीही ठीकच म्हणायचा. फक्त माझी नोकरी जाता जाता वाचली. (पगार नाही म्हणून तू तिला नोकरी म्हणत नाहीस. पण सकाळी उठून दाढी करायला तेवढंच एक कारण आहे.)

चर्चची तालमीची खोली माझ्या सज्ज्याच्या बरोबर खाली, हे तुला आठवत असेलच. मागे तिथून वाजवायचा एक ऊद, तारांसकट, चोरीला गेला तेव्हापासून खोलीला कुलूप आलं. आता कुलूप आलं की वाजवणाऱ्यांची पंचाईत, कारण हे लोक एकत्र कधी येत नाहीत आणि सांगितलेल्या वेळी तर मुळीच नाही. म्हणून आमच्या पाद्रींनी, अबूनांनी, किल्ली माझ्या पावाच्या टोपलीत ठेवली. खालून हाक आली की मी सज्ज्यातून दोरीनं टोपली खाली सोडतो. बायको गेल्यापासून माझ्या घरात जे काही माणसांचं बोलणं ऐकू येतं, ते याच दोरीवरून वर येतं.

गेल्या हिवाळ्यात मी नियम केला, की किल्ली हवी तर आधी भेंडी लावायची. मी शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणणार, तिच्या शेवटच्या अक्षरावरून खालच्यानं दुसरी म्हणायची, अगदी गुरुजी आपल्याला बाकावर उभं करून म्हणायला लावत तशी. (तुला 'ल' आला की तू रडायचीस. रागावू नकोस, मीही रडायचो.) आमचा कानूनवाला जिर्यिस कानूनच्या तारांवर बोटांनी स्वर्ग उतरवतो, पण कवितेत दगड. भर पावसात कानूनची पेटी कोटाखाली धरून तो ओरडायचा, "नौफलकाका, वाद्य भिजतंय हो! कवीला नंतर आठवू!" मी म्हणायचो, म्हण बाबा, चुकली तरी चालेल, पण अख्खी ओळ म्हण.

आणि मग तो आला. बेकरीचा फ्रिज दुरुस्त करायला बैरूतहून आलेला परका माणूस. जिर्यिसला किल्ली घेताना त्यानं पाहिलं होतं म्हणे. खाली उभं राहून त्यानं अशी ओळ टाकली, की मी खुर्चीतून उठलो. ताई, काय सांगू, तो हरेचना! कविता आपल्याच पुस्तकातल्या, आणि आवाज असा की गल्लीतल्या बायका कपडे वाळत घालायच्या थांबल्या. मीच हरलो आणि आनंदानं किल्ली सोडली. त्यानं आत जाऊन मनसोक्त ऊद वाजवला, झाडून सगळं जागच्या जागी ठेवलं, कुलूप नीट लावलं आणि किल्ली खिशात घालून बैरूतला निघून गेला. संध्याकाळी ईस्टरच्या तालमीला आलेली सगळी मंडळी रस्त्यावर.

आमच्या चर्चच्या समितीचा अध्यक्ष मित्री, तो औषधवाला. तो वर येऊन मला म्हणाला, "काका, उद्या चोर कविता पाठ करून आला तर?" मी म्हटलं, असा चोर आला तर त्याला कॉफी द्यायला हवी. (हे बोलायला नको होतं.)

झालं! मित्रीनं विजेवर चालणारं, आकडे दाबायचं कुलूप आणलं. वीज, आणि ती आपल्याकडे! सगळ्यांना आत घेऊन, दार लावून तो आकडे समजावत होता, तेवढ्यात लाइट गेली आणि कुलूप मेलं. जनरेटरवाला लग्नाला गेलेला. त्या कुलपाला अडीनडीची म्हणून एक साधी किल्ली होती, आणि अबूनांनी ती सवयीनं ठेवली होती माझ्या टोपलीत. खिडकीच्या गजांना धरून मित्री ओरडला, "काका, किल्ली सोडा!"

"'द' आलाय, मित्री," मी म्हटलं.

"अहो, इथे रंदाबाईंना घेरी येतेय!"

"'द'."

"दार... दार उघडा, दया करा, देवासाठी!"

एका ओळीत चार 'द'! आतल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात रंदाबाईंच्या सगळ्यात मोठ्या. मी टोपली सोडली, त्यानं गजांतून हात काढून किल्ली घेतली. नवं कुलूप दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे परत गेलं, जुनं आलं आणि त्याची नवी करून घेतलेली किल्ली माझ्याकडे. समितीची अट एकच: या रविवारपासून भेंड्या बंद. वरून चेहरा बघायचा, ओळखीचा असला तरच किल्ली सोडायची. नाही जमलं तर किल्ली मित्रीच्या दुकानात. मी मोठ्या दिमाखात मान डोलावली.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा धाकटा,
नौफल

ता. क. ताई, मला वरून चेहरे दिसत नाहीत. हिवाळ्यापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. खाली नुसते डाग हलतात. "काका, किल्ली" एवढ्यावरून माणूस कळत नाही, अख्खी ओळ म्हटली की आवाज ओळखू येतो. मित्रीला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. पट्टी सुटेपर्यंत तू इथे राहायला ये. चेहरे तू बघ, नावं मी सांगेन. किल्ली एकदा दुकानात गेली तर सज्ज्याखाली थांबून वर बघायचं कुणाला काही कारण उरणार नाही. बुधवारी स्टँडवर तुला घ्यायला मी येईन. बसमधून उतरल्यावर लांबून नुसता हात हलवत उभी राहू नकोस. हाक मार.