उजेड तपासण्यापुरती

३ ऑगस्ट
नव्या घरात शिरलो आणि पंचवीस वर्षांचं मास्तरपण दाराबाहेर पायपुसण्यावर झटकून आलो. यापुढे अस्मादिक छायाचित्रकार! संस्कृतच्या तासाला पेंगणारी तोंडं पुष्कळ पाहिली. आता निदान लोक माझ्यासमोर डोळे उघडे ठेवून बसतील. पुढच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, उजेड मऊ आणि दिवसभर समंजस. आधीच्या भाडेकरूची उंच पाठीची खुर्ची तिथंच आहे. तोही हौशी फोटोवालाच होता म्हणे. घरमालक सांगत होते, राहायचा एकटाच, पण जाताना कपाटात बायकी चपलांचा जोड सोडून गेला. यावर आमची ही म्हणाली, एकटा कसला, तुमच्यासारखाच लबाड असणार.
संध्याकाळी दारावर पाटी लावली. ती तिरकी आहे असं हिचं मत. पाटी सरळ आहे, घर तिरकं आहे असं माझं.

६ ऑगस्ट
हौसेचा धंदा मार्गी लागतोय. पद्धत ठरून गेली आहे: गिऱ्हाईक येण्याआधी हिला खुर्चीत बसवायचं, उजेड तपासण्यापुरते चार-पाच फोटो काढायचे आणि कार्डात जागा राहावी म्हणून लगेच पुसून टाकायचे. हात ओले असतानाच बरोबर बोलावता, ही हिची तक्रार. आज शेजारचा शिंपी आला. वहिनींनाच दाराशी बसवा, मग पाटी नाही लागायची, असं म्हणून हिला खूश करून गेला. ही लगोलग त्याच्याकडे मापं देऊन आली.
झोपताना म्हणाली, अहो, साऱ्या जगाचे काढता, माझा एक नीट काढून ठेवा की. म्हटलं, उद्या.

१३ ऑगस्ट
आज तिघं येऊन गेली. उद्या एक अख्खं कुटुंब यायचं आहे. हिचा फोटो राहिलाच.
शिंप्याचं मात्र काहीतरी बिनसलंय. मापांची वही घेऊन आला. पानावर मापं त्याच्याच अक्षरात, वर नाव नाही. ही कुण्या बाईंची मापं, तुमच्याकडून कुणी आलं होतं का, असं मलाच विचारत होता. ही त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी. मी थट्टा समजून हसलो. ही हसली नाही. तो गेल्यावर म्हणाली, अहो, त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही हो. मी म्हटलं, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, तुझं काय घेऊन बसलीस! आणि पुढचं गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून तिला खुर्चीत बसवलं.

१८ ऑगस्ट
मुलीचा फोन. आईशी अर्धा तास आणि माझ्याशी दोन मिनिटं, असा आमचा जुना करार. आज माझ्याशीच बोलत राहिली. आईला देतो म्हटलं तर हळूच म्हणाली, बाबा, असं एकटं राहू नका, माझ्याकडे या.
ही शेजारीच हात पुढे करून उभी होती. फोन तिच्या हातात दिला. ती बोलत राहिली. पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो, बाबा, ऐकू येतंय का.

२० ऑगस्ट
उमगलं. गिऱ्हाइकांचा निदान एक फोटो राहतो. हिचा एकही नाही. रोज चार-पाच काढले आणि रोज माझ्याच बोटानं पुसले —
जुने अल्बम उघडले. सहलीचे फोटो. एका बाजूला मुलगी, एका बाजूला मी, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.
हिला सगळं सांगितलं. ओरडली नाही. केस सारखे केले, खुर्चीत बसली आणि म्हणाली, आता तरी नीट काढा. चाळीस फोटो काढले. चाळीस रिकाम्या खुर्च्या.
वर्गात लोप शिकवताना सांगायचो, अक्षर गेलं तरी त्याचं काम मागे राहतं. किती सहज सांगायचो.

२२ ऑगस्ट
आवाज येतो. चेहरा आठवावा लागतो. तीळ डाव्या गालावर — की उजव्या? तिलाच विचारलं. म्हणाली, अहो, माझ्याकडे बघून सांगा.
मी बघतच होतो.

२४ ऑगस्ट
चहाचे दोन कप. एक भरलेला, गार. दाराशी बायकी चपला. आधीच्या भाडेकरूच्या असतील — नाही. तिच्या. तिच्याच. लिहून ठेवतो.
घरमालक आले होते. एकट्या माणसाला घर मोठं नाही ना पडत, म्हणाले. मी म्हटलं —
काय म्हटलं?

२६ ऑगस्ट
मागची पानं वाचली. अक्षर माझं. पण यात जागोजागी जी ‘ही’ येते ती कोण? पाटी तिरकी आहे असं कुणाचं मत?
खुर्ची ऊबदार लागली. ऊन तिथवर येत नाही.

२७ ऑगस्ट
शिंपी दहाला येणार. उजेड तपासायला कुणीतरी बसायचं — कोण ते — असो. टायमर लावून स्वतःच बसलो. खुर्चीतूनच लिहितोय, कॅमेरा मांडीवर. उजेड उत्तम. मी थोडा थकलेला दिसतो, पण चांगला आलोय. पाच फोटो आहेत. कार्डात जागा हवी, तेव्हा सवयीनं एकेक