एकच रेघ

बोगोर, ४ ऑगस्ट

ती. ओबेदमामांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या गुरुवारी आमच्या उपग्रहाला वळण्याचा हुकूम मी पाठवला आणि तेव्हापासून तो मुका झाला आहे. आमचे मुख्य, पाक हर्योनो, सगळ्यांसमोर म्हणाले की माझ्या हुकमाने इंधनाची टाकी फुटली असणार, आणि तिकडे आकाशात उपग्रहाचे तुकडे झाले असणार. चाळीस माणसं सात वर्षं खपली होती, मामा. राजीनामा लिहून ठेवला आहे.

रोटे बेटावर सध्या आकाश निरभ्र असेल. तुमच्या कॅमेऱ्याच्या त्या लांब भिंगाने तो टिपता येईल का? वेळा आणि तो कोणत्या ताऱ्यांजवळून जाईल ते सोबतच्या कागदावर आहे. तुकडे दिसले तर तसं स्पष्ट लिहा. आईला यातलं काही कळू देऊ नका.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दोरकास

ओएलाबा, रोटे, ११ ऑगस्ट

चि. दोरकास हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईनेच, म्हणजे तुझ्या आईनेच, मोठ्याने वाचून दाखवलं. माझा चष्मा सापडत नव्हता. तेव्हा लपवाछपवी तिथेच संपली.

पहिल्या संध्याकाळी मी मूर्खासारखा भिंग घेऊन त्याच्या मागे धावलो. तो कसला हाती लागतो! दुसऱ्या दिवशी नेमके ढग. काल मात्र सूर्य बुडून अंधारताच, ज्या ताऱ्याजवळून तो जाणार त्याच्यावर भिंग रोखलं, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय दगडांनी दाबले आणि थांबलो. ताई घड्याळ धरून आकडे मोजत होती. तिचे आकडे संपायला आणि तो यायला एकच गाठ पडली.

आठ सेकंदांच्या फोटोत एकच रेघ आहे, पोरी. दोन नाहीत, तीन नाहीत. पुढे दहा मिनिटं त्याच जागेचे फोटो घेतले, मागून काहीही आलं नाही. रेघ दर दोन सेकंदांनी उजळते आणि विझते, म्हणजे तो गरगर फिरतोय. चक्कर आलेला माणूस बोलणार कसा? पण तो अखंड आहे.

फोटो सोबत आहे. ताई म्हणते, राजीनामा देऊन आलीस तर दारातूनच परत पाठवीन. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे.

तुझा,
ओबेदमामा

बोगोर, १९ ऑगस्ट

ती. मामांस आणि आईस,
कृतज्ञ नमस्कार.

तो बोलला!

फोटो पाक हर्योनोंच्या टेबलावर ठेवला. ते वाकून रेघेतले उजळ तुकडे मोजू लागले. मग उजळण्या-विझण्याच्या अंतरावरून आम्ही हिशेब मांडला, की त्याचा कान, म्हणजे अँटेना, आमच्याकडे वळेल त्या अर्ध्या सेकंदात मावेल एवढाच हुकूम पाठवायचा. दोन दिवस काही नाही. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. संध्याकाळपर्यंत त्याचं गरगरणं थांबलं. टाकी शाबूत आहे. तोल सांभाळणारं चाक अडकलं होतं. हुकूम बरोबरच होता.

पाक हर्योनोंनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली आणि स्वतः चहा आणून दिला. घाईत घोट घेताना निम्मा चहा कागदांवर सांडला.

घरी येऊन भात लावला आणि तो शिजायची वाट बघत भिंतीला टेकून झोपले. जागी झाले तर उजाडलेलं, भात गार झालेला. तसाच मिरचीबरोबर पातेलंभर खाल्ला.

तुमचीच,
दोरकास