आत्याच्या देव्हाऱ्यातला गुडघा

पनवेल, रविवार

तीर्थरूप किशोरीताईस,

धाकट्या कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार (माझे गुडघे लक्षात घेता आठांपैकी सहाच अंगांचा धरावा). उरणला तुम्हा उभयतांची प्रकृती बरी असेल. इथे आत्या, मी आणि तुझी लेक खुशाल आहोत. फोनवर तू मला तिसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

रोशनी शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली, हे तू जाणतेसच. पुन्हा परीक्षा गुरुवारी आहे. तुला ठाऊक नाही ते असं, की बाईसाहेबांनी बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती, कॉलेज सोडून उरणला परतायला. परीक्षकाने हाड हातात दिलं की तिची वाचाच बसते. ती भीती जावी म्हणून तिने देवेश नावाच्या सीनियरकडून खरी हाडं उसनी आणली, मांडीचं एक आणि गुडघ्याची वाटी एक. मी तत्परतेने ‘ऊरु’ आणि ‘जानु’ सातही विभक्तींत चालवून दाखवले. तिने शांतपणे विचारलं, "मामा, ही वाटी डावी की उजवी?" पंचवीस वर्षं संस्कृत शिकवून मला ते सांगता येईना.

आणि दुसऱ्याच दिवशी वाटी हरवली. (मांडीचं हाड हरवणं शक्य नव्हतं. शरीरातलं सर्वांत लांब हाड ते, आत्याच्या नजरेस पडू नये म्हणून मी कपाटावर लपवलं होतं.) पोर रडकुंडीला आली. उसनी वस्तू, तीही कुणाच्या तरी देहाची! इकडे आत्या मात्र भलतीच आनंदात. घर बदलताना पंचायतनातला एक दगड हरवला होता ना, तो तिला केर काढताना सापडला. देव आपणहून परत आला म्हणून तिने शिरा केला. आम्ही दोघांनी तो खाल्ला आणि पुन्हा वाटी शोधायला लागलो.

आठव्या दिवशी आत्या पूजेवरून उठताना कुरकुरली, "हा देव काही सरळ बसत नाही बाई, रोज उजवीकडेच कलंडतो." रोशनी चहा तसाच सोडून देव्हाऱ्याकडे धावली. वाटी मागची बाजू खाली आणि टोक पलीकडे करून ठेवली, की ती ज्या पायाची त्या बाजूला कलते, कारण तिच्या मागचा बाहेरचा भाग मोठा असतो. हे तिने आम्हा दोघांना तिथेच, एकदाही न अडखळता सांगितलं.

मी सुतकाच्या तयारीत होतो. आत्याने गंध लावलेली वाटी तळहातावर घेतली.

"कुणाची गं ही?"

"नाव नाही माहीत, आजी. देहदान केलेलं कुणीतरी."

आत्या म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पाया पडला असेल बिचारा. आठ दिवस त्याला कुणी गंध लावलं तर बिघडलं कुठे?" आणि मला हुकूम, "कृष्णा, तीळ आण." गोत्र माहीत नसलेल्याला काश्यप गोत्र चालतं. गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीखाली, मी त्या अनामिकाला पाणी दिलं.

तेव्हापासून आत्या रोज संध्याकाळी दुखरा पाय रोशनीपुढे पसरते. "शीक ह्याच्यावर. चुकलीस तरी हा नापास करायचा नाही." रोशनी पेनाने स्नायू काढते, मोठ्याने नावं म्हणते. आत्याची तक्रार एवढीच, की शाई आंघोळीनेही जात नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
कृष्णा

ता. क. तू रोज फोनवर म्हणतेस, ‘जमत नसेल तर ये गं घरी.’ मायेनेच म्हणतेस. पण फोन ठेवला की पोर पुस्तक मिटते. गुरुवारपर्यंत तेवढं म्हणू नकोस. जेवलीस का, इतकंच विचार. पत्र लिहिलं ते खरं तर एवढ्यासाठी.

ता. क. २. लपवून ठेवलेलं हे पत्र रोशनीने वाचलं. माझ्या शरीररचनेतल्या दोन चुका सुधारल्या, आणि खाली जागा मागितली. देतो.

आई, गुरुवारी दुपारी मीच फोन करते. पास नाही झाले तरी करते. – रोशनी