पाण्याची पाळी आणि अथेन्सचा म्हातारा

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता केजच्या त्याच कॉलेजात, त्याच वर्गात पोरं मला 'सर' म्हणतात. ग्रीक तत्त्वज्ञान मीच शिकवतो. वर्गात मोजकीच पोरं असतात, त्यातली निम्मी पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करून आलेली, बाकावर डुलक्या घेणारी. आम्हीही काही मोठे जिज्ञासू नव्हतो, पण तुम्ही झोपू देत नव्हतात. "न्याय म्हंजी काय, सांग बे," म्हणत थेट अंगावर यायचात. बाजाराच्या दिवशी वडिलांच्या किराणा दुकानात बसलात तरी तेच. एकदा मी तिथं असताना तुम्ही एका म्हाताऱ्याला शहाणपण म्हणजे काय ते विचारत बसलात, आणि तुमचे वडील गल्ल्यावरून ओरडले, "आरं, ते साखर घ्यायला आलंय, त्याला कावून छळतो?" म्हातारा मात्र साखर विसरून तुमच्याशी भांडत बसला होता.

काकू गेल्यावर तुम्ही स्वतः रांधायचात. मला तुमचं ते स्वयंपाकघर दिसतं. पिठलं रटरटतंय, तुम्ही पळी हातात धरून बोलताय. "माणसाच्या आत तिघं राहत्यात. एक इचार करनारा, एक चिडनारा, अन् एक नुस्ता खा-खा करनारा. पहिल्यानं वाट दावायची, दुसऱ्यानं त्याच्या पाठीशी ऱ्हायाचं, तिसऱ्यानं गप ऐकायचं. जो तो आपलं काम करतो, तवा आत न्याय ऱ्हातो. खा-खा करनारा मालक झाला की वाटोळं." मग हसून म्हणालात, "माझा तिसरा आता भाकर मागायलाय, वाढ." इतका मोठा विचार मला पिठलं-भाकरीसोबत मिळाला, आणि मी तो आजही वर्गात तसाच सांगतो. पोरं हसतात. मलाही बरं वाटतं.

एकाच गोष्टीवर तुम्ही माझ्यावर खरोखर चिडला होतात. तुम्ही प्रश्न विचारला आणि मी ऐटीत उत्तर दिलं, की मला काहीच माहीत नाही, म्हणजे अथेन्सच्या त्या अनवाणी म्हाताऱ्यासारखा मीच शहाणा. वर्ग खिदळला. तुम्ही खडू खाली ठेवलात. "त्यो म्हातारा 'मला म्हाईत न्हाई' म्हनून घरी जाऊन झोपला न्हाई. बाजारात गेला, इचारत सुटला, अन् त्यापायी मेला. तू झोपायसाठी म्हनतो. परत माझ्या वर्गात असलं बोलायचं न्हाई." मी मान खाली घातली. आठवडाभर तुमच्या घराकडे फिरकलो नाही. मग तुम्हीच निरोप धाडलात, "ये, पिठलं केलंय."

सर, मी परत तेच बोललोय. या खेपेला वर्गात नाही, आमच्या गावात, मारुतीच्या पारावर.

माझ्या दोन चुलत भावांची विहीर सामाईक. पाण्याची पाळी तोंडीच ठरलेली. आमच्याकडे असलं कुणी लिहून ठेवत नाही. विहिरीच्या काठावर नारळ फोडून दोघांनी शब्द दिला तेव्हा तिसरा माणूस फक्त मी होतो. शुक्रवार, शनिवार आणि रविवार धाकट्याचे, बाकीचे दिवस थोरल्याचे. धाकटा वारला. आता थोरला म्हणतो, रविवार पहिल्यापासून माझाच होता. धाकट्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, गहू पेरलाय. ओंब्या भरायची वेळ आहे, आणि नेमका रविवार तुटला तर तिचा शेवटचा पट्टा भिजतच नाही. गावानं बैठक बसवली आणि मला विचारलं, "सर, तुमीच व्हता तिथं. रविवार कुनाचा?"

मला ठाऊक होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, इतक्या वर्षांनंतर आपल्याला सगळं नक्की आठवतं असं समजणं हाच अहंकार आहे. मोठमोठे ज्ञानी लोकसुद्धा 'मला ठाऊक नाही' असंच म्हणत आलेत. पारावरची माणसं माना डोलवू लागली. एक जण म्हणाला, "एवढं शिकले, पन गर्व न्हाई." रविवार थोरल्याला गेला. मला चहा मिळाला आणि मी तो प्यायलो.

वहिनी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. माणसं पांगल्यावर ती पुढं आली. भांडेल असं वाटलं होतं, भांडली असती तर बरं झालं असतं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "भाऊजी, तुमाला ठावं व्हतं. ह्यांनी घरी येऊन सांगितलतं मला, तुमी साक्षीला हाव म्हनून. म्हनून मी निवांत व्हते." आणि गेली. मला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली, सर.

तुम्ही शिकवायचात, अन्याय सोसणाऱ्याचं पीक जातं, पण करणाऱ्याचा आत्मा नासतो, म्हणून करणाऱ्याची कीव करावी. तुम्हाला तुमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली, तेव्हा मी मूठभर माती टाकताना वाटलं होतं, आत्मा मरत नसेल तर हा माणूस अजून कुठंतरी कुणाला तरी प्रश्न विचारत असेल. तेव्हा त्यानं धीर आला होता. आता भीती वाटते. कारण तुम्ही पहिला प्रश्न विचाराल, 'खोटं कावून बोललास?', आणि थोरल्याची भीड पडली, भाऊबंदकी नको होती, असली उत्तरं तुम्ही एकेक करून सोलून काढाल.

म्हणून स्वतःच सांगतो. थोरल्याच्या शेताला लागून माझा एक एकराचा तुकडा आहे. रविवार त्याला मिळाला तर ते पाणी तो मला देणार, असं आमचं आधीच ठरलं होतं. हे पारावर कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि या पत्रातही इथवर टाळलं. आज रविवार आहे. या आठवड्यात शेतीला लाईट दिवसा आहे. मी बांधावर बसून, कागद गुडघ्यावर ठेवून लिहितोय. मोटार चालू आहे, आणि पलीकडं वहिनी कोरड्या पट्ट्यात खुरपतेय. तिनं एकदाही इकडं पाहिलेलं नाही. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला उठावं लागतं, म्हणून लिहिणं तुटक झालंय.

हा वाफा भरत आलाय, सर. उठतो.