शंभरपैकी किती

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणारा मीच, काय फरक पडतो? दोन महिन्यांपूर्वीच्या झटक्याने उजवा हात थोडा आळशी झालाय, इतकंच. पॅरालिसिस हा शब्द या घरात काढायचा नाही. बाबा तीन वर्षं खाटेवर होते, आई घास भरवायची. माझं तसं होणार नाही. विषय संपला.

टेमघरहून फिजिओ मृणाली मॅडम येतात. दर बुधवारी कागद भरतात. जेवण, आंघोळ, कपडे, जिना, संडास. स्वतः केलं तर पूर्ण मार्क, मदत लागली की कापले. आज ७५. संकल्प: लवकरात लवकर शंभर. दापोड्यात चार गोडाऊन उभी केली, हे काय!

९ नोव्हेंबर, रविवार
बॉल दाबायचा व्यायाम झाला नाही. पाहुणे होते. उद्यापासून डबल.

कागद गेला खड्ड्यात. आगरी माणूस भिंग मासा खाऊ शकला की तो ठणठणीत! सुईसारखे काटे असतात त्या माशाला. आज दोन तुकडे चमच्याने खाल्ले, एक काटा लागेल तर शपथ. म्हटलं, गुणाबाई, नवरा परत आला बघ. बायको पाणी आणायला उठली.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज मासळी नाही. व्यायामालाही सुट्टी.

दुपारी जागा झालो तर हात अंगाखाली, आणि तो माझाच आहे हे कळेना. पंख्याकडे बघत पडून राहिलो. फार भ्यालो. हे वाक्य नंतर खोडायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मॅडमनी बटणं लावायला सांगितली. हल्ली नुसती दाबली तरी लागतात, बोटांत जोर आलाय. जेवणाचं विचारलं, भिंगाचं सांगितलं. जिना, आंघोळ, सगळं स्वतः, ठोकून दिलं. त्यांनी गुणाबाईकडे पाहिलं. मी डोळे वटारले. होय, करतात सगळं, म्हणाली.

शंभर! मॅडम म्हणाल्या, मग पुढच्या बुधवारी फाइल बंद करते.

पेढे वाटले. फाइल बंद झाली आणि हात असाच राहिला तर? राहणार नाही. शंभर म्हणजे शंभर.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३
गुणाबाई दिघाशीला, बहिणीकडे. सून रीमाने भिंग वाढलं. पहिल्याच घासाला काटा घशात. खोकलो, श्वास मिळेना. डोळ्यांपुढे बाबा, खाटेवरचे. रीमाने पाठीत बुक्के घातले, सुकी भाकरी गिळायला लावली. काटा गेला. सुनेसमोर रडलो.

रीमा म्हणाली, पप्पा, मला वाटलं आई काटे काढून गेल्यात. त्या रोज ओट्यावर काढतात आणि तुकडा परत जुळवून ताटात ठेवतात.

शर्ट काढून बघितला. बटणं वरून नुसती शिवलेली. आत टिचबटणं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मॅडमना म्हटलं, फाइल बंद करू नका, परत विचारा. आज डोळे वटारले नाहीत. गुणाबाई हळूहळू बोलली. जेवण अर्धे. कपडे अर्धे. जिन्यावर ती मागे असते, अर्धे. संडासात लेंगा तीच बांधते, अर्धे. आंघोळ शून्य. खाटेवरून उठताना दंड धरते, तिथे पाच कापले. एकूण ७०. पहिल्यापेक्षा पाच कमी.

मॅडम गेल्यावर विचारलं, माझ्यापासून का लपवलंस? ती म्हणाली, तुमच्यासमोर काटे काढले असते तर जेवला असता का? सासूबाई भरवायच्या ते मी पण बघितलंय. मला काय भ्या वाटत न्हाय?

मला वाटलं होतं, घाबरलेला मी एकटाच.

दुपारी जेवायला बोय मासळी होती. ती ताटाशी बसली, काटे काढायला लागली. मी डावा हात पुढे केला. तो न्हाय, म्हणाली, दुसरा.

अर्धा तास लागला. एक काटा निघाला. तोवर मासळी थंड झाली होती.