पाच किलोमीटरची फेरी

९ नोव्हेंबर

ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं आईचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. मोजणीचं चाक बगलेत घेऊन चढलेल्या माणसाला डब्यातल्या लोकांनी कसं सहन केलं, ते मात्र तिने लिहिलेलं नाही.

तुम्ही आखून दिलेली पाच किलोमीटरची फेरी रोज पळते आहे. आमच्या जिन्यापासून छापखाना, कालव्याची भिंत, बसडेपो आणि परत जिना. खांबांवर तुम्ही दिलेले पिवळे ठिपके धुक्यातही दिसतात. आज पन्नास मिनिटं लागली. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासत उभी होते आणि पोटऱ्या माझ्या नावाने बोटं मोडत होत्या.

एप्रिलच्या शर्यतीत बेचाळीस किलोमीटर आणि वर दोनशे मीटर सहा तासांत संपवायचे आहेत. त्यानंतर रस्ते गाड्यांना मोकळे होतात आणि मागे राहिलेल्यांना एक बस उचलून आणते. त्या बसमध्ये बसायचं नाही, एवढंच ठरवलं आहे. हसू नका. व्हायोलिन, शिवणाचा क्लास, हिशेबनिसाची परीक्षा, सगळं मी अर्ध्यावर टाकलं. तुम्ही मला आरंभशूर म्हणता ते खोटं नाही, म्हणूनच टोचतं. चाळिशी उलटली, एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्यायची आहे.

आईला नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
छोटी

२० नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. डब्यातल्या लोकांनी मला नुसतं सहन केलं नाही, एका गृहस्थाने आपल्या जागेपासून दारापर्यंतचं अंतर मोजून घेतलं आणि तो समाधानाने झोपला.

मी हसलो नाही. तुझी आई हसली. तिचं म्हणणं, व्हायोलिनपेक्षा पळणं बरं, निदान शेजाऱ्यांना ऐकू येत नाही.

फेरीबद्दल निर्धास्त राहा. रस्ते खात्यात चौतीस वर्षं मोजणी केली, माझा एकही रस्ता तसूभर कमी-जास्त निघालेला नाही. खात्यात मला मीटरसाहेब म्हणत ते उगाच नाही. तू फक्त पाय उचल, अंतराची काळजी माझी. कान झाकून जात जा. थंडी कानातून शिरते.

सदैव तुझं भलं चिंतणारे,
बाबा

६ जानेवारी

ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.

इथे अशी थंडी पडली आहे की सकाळी खिडकीची कडी हाताला चिकटते. दोन मोजे, दोन स्वेटर, त्यावर तुमचा जुना मफलर, असं गाठोडं होऊन मी बाहेर पडते. परवा डेपोच्या वळणावर बर्फावरून घसरून साफ आडवी झाले. एका ड्रायव्हरने उठवलं आणि विचारलं की बाई, बस चुकली का. तेव्हापासून मला पाहिलं की तो हॉर्न वाजवतो.

फेरी आता चव्वेचाळीस मिनिटांत होते. पण तीन आठवडे काटा तिथेच अडला आहे, काही केल्या हलत नाही. दुकानातल्या जोडीदारणीने तिचं अंतर दाखवणारं घड्याळ वापरायला दिलं. त्यात फेरी पाच किलोमीटर आणि वर पावणेचारशे मीटर येते. रोज तेवढीच. तुमच्या कानावर घालते, रागावू नका.

तुमची,
छोटी

१४ जानेवारी

चि. छोटीस आशीर्वाद.

रागावलो नाही. त्या घड्याळाला आकाशातून दिसतं ते कळतं. दोन उंच इमारतींमध्ये ते गोंधळतं, हे मी वाचलेलं आहे. माझं चाक जमिनीवरून चालतं. कोणावर विश्वास ठेवायचा ते तू ठरव.

घसरलीस ते आईला सांगितलेलं नाही. गुडघा शेकत जा.

बाबा

१७ फेब्रुवारी

ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.

घड्याळ मी जानेवारीतच परत केलं. तुमच्यापुढे त्याची काय मातब्बरी.

रविवारी सलग सहा फेऱ्या मारल्या. तीस किलोमीटर, चार तास चोवीस मिनिटं. दर फेरीला मोजून चव्वेचाळीस. घरी येऊन कागद घेतला. याच चालीने शर्यतीच्या पूर्ण अंतराला सहा तास अकरा मिनिटं लागतात. म्हणजे जीव तोडून पळाले तरी अकरा मिनिटांनी हुकते आणि बस मला उचलते. त्या कागदावर डोकं ठेवून रडले, तुमच्यापासून काय लपवायचं.

आपली जागा दुसऱ्याला द्यायची तर २८ तारखेपर्यंत कळवावं लागतं. जोडीदारणीचा भाऊ तयार आहे, चांगला पळतो. त्याला देऊन टाकते. आईला सांगा, गुडघा दुखतो म्हणून सोडलं. तुम्हाला खरं कारण माहीत असू द्या.

तुमची,
छोटी

२१ फेब्रुवारी, तातडीच्या टपालाने

चि. छोटीस आशीर्वाद.

जागा कोणाला देऊ नकोस. आधी हे पत्र पूर्ण वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते घड्याळ खोटं पाडायचं म्हणून मी पोलादी टेप काढली, गच्चीवर वीस मीटरची रेघ मारली आणि तिच्यावरून चाक फिरवलं. चाकावर साडेअठराच्या जरा वर आकडा आला. पुन्हा फिरवलं. पाच वेळा फिरवलं.

तुझ्याकडे निघायच्या आदल्या दिवशी चाकाचं रबर तडकलं होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून मी नवं बसवून घेतलं, ते जाड निघालं. त्यामुळे चाक मोठं झालं आणि दर मीटरला साडेसात सेंटीमीटर जास्त चालू लागलं. रबर बदललं की आधी टेपवर तपासा, हे मी खात्यात चौतीस वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडलो. स्वतः तपासलं नाही. तुझ्याकडे यायची घाई होती.

तुझी फेरी पाच किलोमीटरची नाही, पाच किलोमीटर तीनशे पंचाहत्तर मीटरची आहे. घड्याळ बरोबर होतं. रविवारी तू तीस नव्हे, सव्वाबत्तीस किलोमीटर पळालीस. त्या चालीने शर्यत पाच तास पंचेचाळीस मिनिटांत होते. बस तुझ्या मागे राहते.

चूक माझी आहे. जानेवारीत तू सांगितलंस तेव्हाच टेप काढायला हवी होती, मी मानापमान काढत बसलो. माझ्यामुळे तू रडलीस याचं फार वाईट वाटतं. एक मागणं आहे, हे आपल्या तिघांतच राहू दे. सकाळी बागेतल्या बाकावर खात्यातले जुने लोक भेटतात, त्यांच्यासमोर माझी मान खाली जाईल.

बाबा

ता. क. छोटे, मी आई. हे पत्र त्यांनी तीनदा फाडलं आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. गुडघ्याची थाप मला लागू होत नाही हे तुम्ही बापलेक कधी शिकणार? पळ तू.

१३ एप्रिल

ति. बाबांस आणि ति. आईस शि. सा. न. वि. वि.

पाच तास एक्कावन्न मिनिटं.

पस्तिसाव्या किलोमीटरपर्यंत मजेत होते. मग पाय दगड झाले. मागून बसचा आवाज येऊ लागला. वाटलं, बसावं झालं, आपल्याला सवयच आहे. तेव्हा तुमचं पत्र आठवलं, बाबा. माझ्या एक्केचाळीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत की चूक माझी आहे. तुम्हाला ते लिहिणं किती जड गेलं असेल, त्यापुढे सात किलोमीटर काय, असं मनाशी म्हटलं आणि पाय ओढत निघाले. हिवाळाभर फुकट पळवलेले पावणेचारशे मीटरही मग पायांना आठवले असावेत, कारण शेवटी बस दिसेनाशी झाली.

रेषा ओलांडल्यावर रस्त्यावरच बसून हमसून रडले. तिथला डॉक्टर धावत आला, कुठे दुखतंय म्हणून विचारू लागला. मी त्याला सांगितलं की दुखत कुठेच नाही, पूर्ण झालं आहे. त्याने माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

पायऱ्या अजून उलट्या उतरते आहे. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
छोटी

१८ एप्रिल

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन सकाळी बाकावर गेलो आणि सगळ्यांना तुझी वेळ वाचून दाखवली. एक जण म्हणाला, छान, पण लोक चार तासांतही पळतात. मग मला राहवलं नाही. जाड रबर, साडेसात सेंटीमीटर, तुझी प्रत्येक फेरी किती लांब होती, ते सगळं सांगून टाकलं. त्याशिवाय माझी मुलगी हिवाळाभर काय पळाली ते त्यांना कळलं नसतं.

पोट धरून हसले सगळे. मीही हसलो.

तुझे,
बाबा