नाकाच्या वहीतलं खोटं

मिठबाव,
६ फेब्रुवारी

प्रिय रसिका,

तुला पोटभर आठवण. गुडघे जिना चढू देतात ना? भावोजींची साखर आणि तुझा त्यांच्यावरचा राग, दोन्ही आटोक्यात असोत. इकडे आंबा मोहरलाय, मी बरी आहे, आणि माझं नाक (ज्याच्या जोरावर आपल्या शाळेच्या नाटकात मला दरवर्षी राजाच करत) सध्या विज्ञानाच्या सेवेत आहे.

घाबरू नकोस. नाकपुडीवर एक पुळी होती, वर्षभर बरी होईना. मी तिला चष्म्याचा व्रण समजत होते. (चष्मा तिथवर पोचत नाही, हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं.) कोल्हापूरच्या एका इस्पितळात तुकडा काढून तपासला, तर त्वचेचा कर्करोग. सावकाश वाढणारा, फार उपद्रव न करणारा, असं तिथली डॉ. दिव्या म्हणाली. वयाने तुझ्या धाकटीएवढी असेल.

तिथे किरणोपचाराच्या नव्या पद्धतीची चाचणी चालू आहे. जुन्या पद्धतीत वीस खेपा; नव्या पद्धतीत ज्याच्या त्याच्या नाकाच्या मापाचा साचा करून त्यातून किरण देतात, सहा खेपांत काम. कोणाला कुठली, ते कंप्यूटर चिठ्ठी टाकून ठरवतो. माझी नवी निघाली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नेमकं माझ्या मापाचं मिळालं, तेही नाकाला. साच्यासाठी नाकावर मेणासारखं काहीतरी थापलं, तेव्हा आपल्या कॉन्व्हेंटचं ‘तोंड मिटून बस’ अंगात इतकं मुरलेलं, की तोंडाने श्वास घेतला तरी चालेल असं टेक्निशियनने सांगितलं, तेव्हा कुठे मी ते उघडलं.

अट एकच. त्यांनी दिलेल्या मलमाखेरीज त्या जागी काही लावायचं नाही, आणि लाली किती, आग किती, काय लावलं, ते रोज वहीत लिहायचं. नव्या पद्धतीने कातडी किती भाजते, हेच तर त्यांना बघायचं होतं.

कोल्हापुरात तीन आठवडे खोली घेतली. सोबतीला माझी थोरली जाऊ, सुगंधावहिनी, आणि तिच्या पिशवीत कोकमतेलाचा गोळा, भाजल्या-फुटल्या कातडीवरचा तिचा एकमेव इलाज. तिसऱ्या खेपेनंतर नाकाची आग आग व्हायला लागली. दुपारी डोळा लागला, जाग आली तर नाक थंडगार आणि वहिनी वाटी घेऊन शेजारी. “अगो, कोकमतेल लावन आजपर्यंत कोण मेलो नाय,” ती म्हणाली. “दाक्तराक कित्याक सांगूक व्हया?” मी चिडायला हवं होतं. त्याऐवजी दुसऱ्या दुपारी मी स्वतःच नाक पुढे केलं. आणि संध्याकाळी, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पट्टी मारमारून वळवलेल्या त्या अक्षरात वहीत लिहिलं, ‘काही लावले नाही.’ असं बारा दिवस. इतक्या सुबक अक्षरात कोणी खोटं लिहीत असेल अशी शंका तरी कोणाला येणार?

माझं नाक फारसं लाल झालंच नाही. दर खेपेला त्याचे फोटो काढत. शेवटी दिव्याने मोठ्या डॉक्टरांना बोलावून ते दाखवले आणि मला विचारलं, “काकू, खरंच काही लावलं नव्हतं?”

“नाही गं बाळ,” मी म्हटलं.

तेव्हापासून बांगड्याचं तिखलंसुद्धा बेचव लागतंय. माझ्या खोट्यावर विसंबून उद्या आणखी कोणाच्या नाकाला हेच किरण देतील, आणि ते बिचारं माझ्या फोटोंवर विश्वास ठेवून भाजून निघेल. खरं सांगावं, तर चाचणीतून नाव काढतील. मग पाच वर्षं दर तीन महिन्यांनी हे नाक बघणार कोण? पुन्हा उगवलं तर मला कळायचं कसं? मी पडले चष्म्याचा व्रण म्हणणारी बाई. १८ तारखेला तपासणी आहे, तेव्हा सांगेन म्हणते. आरशासमोर चारदा सराव केला. चारही वेळा सगळं वहिनीवर ढकललं.

तुझी,
किशोरी

ता. क. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि वहिनीने वाचलं. माझाच फोन घेऊन तिने दिव्याला लावला, आणि सरकारी कचेरीत गेल्यावर बोलते तसल्या शुद्ध मराठीत म्हणाली, “तेल मी लावलं, वहीत खोटं हिने लिहिलं.” वाटणी अगदी न्यायाची. दिव्याने तिथल्या तिथे सांगितलं: माझं नाव काढणार नाहीत, तपासण्या चालू राहतील. पण कातडीच्या तुलनेतून माझे फोटो बाद, आणि वहीत खरं काय ते लिहून मी सही करायची. एकूण दोन मिनिटं लागली.

आणखी एक. रोग मुळापासून गेलाय की नाही, ते १८ तारखेलाच कळणार आहे. वहिनी येईलच, पण ती कशालाच घाबरत नाही. तू ये. मला शेजारी घाबरणारं कोणीतरी हवंय.